म्यान एका काळाचे, पाते दुसऱ्या काळाचे

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली आणि पुढील काही महिन्यांत हजारो जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी विजेत्यांच्या हाती सोपविल्या. त्यांपैकी अनेक अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथील घरांत पोहोचल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या भारतीय पलटणींकडेही काही आल्या. आज अशी एखादी तलवार नवख्या संग्राहकाच्या हाती येते, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘ही किती जुनी?’ प्रश्न साधा असला तरी त्याची उत्तरे दोन असू शकतात. मूठ व म्यान यांचे वय एक आणि पात्याचे वय दुसरे!

मूठ व म्यानाचे वय ठरविणे तुलनेने सोपे. सामुराईंच्या तलवार बाळगण्यावर १८७६ मध्ये बंदी आली. त्या काळातील नव्या सैन्याने युरोपीय धर्तीची, बोटांवर धातूची कमान असलेली तलवार स्वीकारली होती. १९३४ मध्ये मात्र लष्कर पुन्हा मध्ययुगीन वळणाकडे गेले आणि ‘शिन-गुंतो’, म्हणजे नवी लष्करी तलवार, अवतरली. तिचा पहिला नमुना ९४ क्रमांकाचा. कारण जपानी शाही कालगणनेनुसार ते वर्ष २५९४ होते. त्याच्या म्यानाला टांगण्यासाठी दोन कड्या असत. १९३८ च्या ९८ क्रमांकाच्या नमुन्यात एकच राहिली. १९३५ चा ९५ क्रमांकाचा नमुना हवालदार दर्जाच्या सैनिकांसाठी होता. त्याचे पाते यंत्रावर तयार केलेले आणि मूठ धातूची ओतीव, वर गुंडाळलेल्या फितीचा आभास देणारी. पात्यावर व म्यानावर एकच अनुक्रमांक असतो. नकला याच नमुन्याच्या फार निघाल्या आहेत. तेव्हा दोन्ही क्रमांक जुळत नसतील तर खरेदीची घाई करू नये.

पात्याचे वय मात्र मुठीत दडलेले असते. अधिकाऱ्यांच्या तलवारीतील बांबूची खुंटी हलकेच बाहेर काढली की मूठ सुटते आणि पात्याचा आतला भाग, ‘नाकागो’, दिसू लागतो. येथे बँकेच्या काउंटरवर पाहतात तेच पाहायचे: सही, तारीख आणि शिक्का.

सही कारागिराची. तारीख बहुधा दुसऱ्या बाजूस, सम्राटाच्या राजवटीच्या वर्षात लिहिलेली. ‘शोवा’ राजवटीच्या वर्षात १९२५ मिळविले की इसवी सन मिळतो. शोवा १८ म्हणजे १९४३. महिना मात्र शब्दशः घेऊ नये. पूर्वीपासून बहुतेक कारागीर दुसरा किंवा आठवा महिनाच कोरीत आले; तो एक संकेतच झाला होता. ‘शो’ किंवा ‘सेकी’ अक्षराचा छोटा शिक्का असेल, तर पाते बहुधा युद्धकाळात पारंपरिक पद्धतीविना तयार झालेले. सेकी हे गिफू प्रांतातील तलवारींचे जुने गाव. तारेचा शिक्का असल्यास लष्कराने मान्यता दिलेल्या कारागिराने पारंपरिक रीतीने घडविलेले पाते समजावे. शिक्का नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि सही फार थोर कारागिराची दिसली तर आनंदापेक्षा संशय बरा. सतराव्या शतकातील कोतेत्सूच्या नावाच्या खोट्या सह्या तर कुप्रसिद्ध आहेत.

सहीच नसेल तर? अनेक अधिकाऱ्यांनी घराण्यातील जुनी पाती नव्या लष्करी मुठीत बसविली होती. लांब पाते आखूड करताना मुठीकडील टोक कापले जाई आणि त्यासोबत सहीही जाई. खुंटीची दोन-तीन छिद्रे व काळसर तपकिरी, खोलवर मुरलेला गंज दिसला तर ते पाते शतकांपूर्वीचे असू शकते. नवखा संग्राहक नेमकी येथेच चूक करतो. सही नीट वाचता यावी म्हणून तो कागदी पॉलिश किंवा तारेचा ब्रश हाती घेतो आणि दहा मिनिटांत वयाचा सर्वांत भरवशाचा पुरावा पुसून टाकतो. त्या पात्याची किंमत आणि इतिहास, दोन्ही त्याच्याबरोबर जातात. गंज तसाच ठेवावा, तिरप्या प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत आणि ती जाणकाराला दाखवावीत. धारेकडील चमकदार भागालाही बोट लावू नये. घामाचा डाग तेथे चटकन धरतो.

काही जण पाते उजळण्यासाठी जपानला पाठविण्याचा विचार करतात. तेथे पारंपरिक पाती कलावस्तू म्हणून नोंदविली जातात. कारखानी युद्धकालीन पात्यांना ती नोंदणी मिळत नाही आणि ती बाळगताही येत नाहीत. म्हणजे शिक्का वाचण्यापूर्वी पार्सल बांधले, तर तलवार परत न येण्याचीच शक्यता. भारतातही खरेदीपूर्वी शस्त्रविषयक कायद्याच्या तरतुदी स्थानिक पोलिसांकडून जाणून घ्याव्यात.

पाहणी संपली की खुंटी पूर्ववत बसवावी. तिच्याविना तलवार उचलली, तर पाते मुठीतून निसटते आणि थेट पायावर पडते.