नऊ महिने साडेसात दिवस

श्वेतांबर परंपरेत पर्युषणपर्वात कल्पसूत्राचे वाचन होते. भगवान महावीरांच्या जन्माचे वर्णन येते तेव्हा नऊ महिने पूर्ण होऊन साडेसात दिवस लोटल्याचा उल्लेख श्रोत्यांच्या कानी पडतो. तीस दिवसांचा महिना धरला तर हा काळ साडेदोनशे सत्तावीस नव्हे, तर २७७॥ दिवसांचा भरतो. तंदुलवैचारिक या प्राचीन प्रकीर्णकातही जीवाच्या गर्भवासाचा हाच आकडा आहे. आजचे डॉक्टर शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवून प्रसूतीची संभाव्य तारीख काढतात. तो हिशेब २८० दिवसांचा होतो. प्रत्यक्ष गर्भधारणा पाळीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी होत असल्याने गर्भाचे खरे वय जन्मवेळी २६६ दिवसांच्या आसपास असते. मोजणीचा आरंभ वेगळा असला, तरी दोन्ही गणिते इतकी जवळ यावीत, हे लक्षणीय आहे.

मात्र या दिवसांचे मोल सारखे नाही. सर्वांत नाजूक दिवस बहुधा घरात गोड बातमी कळण्यापूर्वीच सरलेले असतात.

पहिले आठ आठवडे

बीजांड आणि शुक्राणू यांचे मीलन गर्भनलिकेत होते. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार असे विभाजन होत हा सूक्ष्म पुंज सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तंदुलवैचारिकात पहिल्या सप्ताहातील अवस्थेला कलल, दुसऱ्या सप्ताहातील अवस्थेला अर्बुद म्हटले आहे. त्यापुढे पेशी आणि घन या अवस्था येतात. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात गर्भ टप्प्याटप्प्याने घडतो, हे सूत्र आपल्या पूर्वसूरींनी मांडले होते.

गर्भधारणेनंतर २२व्या दिवसाच्या सुमारास हृदयाचे स्पंदन सुरू होते. ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती २८व्या दिवसापर्यंत बंद व्हावी लागते. ती नीट बंद न झाल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यात वा मेंदूत गंभीर व्यंग राहू शकते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणूनच फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. आठवा आठवडा संपताना गर्भ अवघा तीन सेंटिमीटरचा असतो, पण बहुतेक प्रमुख अवयवांची मांडणी झालेली असते.

वाढ आणि हालचाल

पुढील आठवडे डॉक्टरांच्या पद्धतीने, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेले आहेत. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात सोनोग्राफीने अवयवांची रचना तपासतात. याच सुमारास मातेला बाळाची पहिली हालचाल जाणवते. पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात वजन सुमारे एक किलो होते आणि डोळे उघडू लागतात. फुप्फुसे मात्र चौतिसाव्या आठवड्यानंतरच पुरेशी परिपक्व होतात. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मलेले बाळ पूर्ण दिवसांचे समजतात.

मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून गर्भस्थ महावीर निश्चल राहिले आणि त्यामुळे त्रिशलामाता व्याकूळ झाली, हा कल्पसूत्रातील प्रसंग सर्वपरिचित आहे. तिची व्याकूळता आजही प्रत्येक घराने ध्यानी घ्यावी. शेवटच्या महिन्यांत हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आहार आणि तप

त्याच ग्रंथात त्रिशलामातेच्या आहाराचे वर्णन आहे. अति उष्ण नाही, अति शीत नाही, अति तिखट वा आंबट नाही. देशकाळाला अनुसरून हितकर व परिमित असे तिचे भोजन होते. कठोर उपवासाचा तेथे आग्रह नाही. वर्धा जिल्ह्यात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत गर्भवतीने चौविहार वा लांबलचक उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा आणि गुरुमहाराजांचा सल्ला घेणे हिताचे आहे.

शाकाहारी कुटुंबांनी जीवनसत्त्व ब-१२ कडे विशेष लक्ष द्यावे. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनगटाने गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले. दूध, दही, ताक यांतून ते थोडेफार मिळते. रक्ततपासणीत कमतरता दिसल्यास औषध घ्यावे लागते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर तो रक्तक्षय होय. शासकीय कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज दिली जाते.

सेवाग्रामचा वारसा

या बाबतीत वर्धा जिल्हा भाग्यवान आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय १९४०च्या दशकात स्त्रिया आणि बालके यांच्यासाठीच सुरू झाले. त्यामागे डॉ. सुशीला नायर यांचे परिश्रम होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. तिचे विद्यार्थी गावांत राहून ग्रामीण कुटुंबांचे आरोग्य समजून घेतात. खेड्यातील आशाताई गर्भवतीची नोंद बारा आठवड्यांच्या आत करून घेतात. पण हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या बाजारपेठेत राहणाऱ्या सुस्थित घरांत दृष्ट लागेल म्हणून ती बातमी तीन महिने झाकून ठेवली जाते. नातलगांना उशिरा सांगावे, हरकत नाही. डॉक्टरांना लगेच सांगावे.

आणखी एक गोष्ट व्यापारी घराण्यांनी स्पष्टपणे स्वीकारली पाहिजे. मुलगा की मुलगी, हे पित्याच्या शुक्राणूवरून गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. त्याबद्दल सुनेला बोल लावणे अज्ञान आहे. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या समाजाला तर त्यासाठी कायद्याची गरजच भासू नये.

सातव्या महिन्यात सुनेची ओटी थाटात भरली जाते. त्याआधीच, विवाहानंतर मूल हवे असे ठरताच, पती-पत्नीने एकत्र जाऊन रक्ततपासणी करून घ्यावी आणि फॉलिक ॲसिड सुरू करावे. सासूबाईंनी ही आठवण केली, तर तीही ओटीइतकीच मोलाची.