पाणी चढते, मासा चढतो

मृगाचा पाऊस पडून जातो, रानात वापसा येतो, पेरणीची घाई उरकते आणि मग नदीकाठच्या गावांत एकच विचारणा सुरू होते : "चढणीचे लागले का रे?" कुणी कोपऱ्यातला गळ काढून दोर तपासतो, कुणी उकिरड्याच्या कडेला गांडुळे खणतो. चार सोबती जमतात, डोक्यावर पोत्याची खोळ घेतात आणि भुरभुर पावसात नदीची वाट धरतात. यात मौज आहे, आणि ती असावीच. पण या मौजेमागे निसर्गाचा एक मोठा व्यवहार चाललेला असतो. तो ध्यानात घेतला तर मासाही अधिक मिळतो, पुढच्या सालचे मासेही राहतात आणि गेलेली माणसे धडपणे घरी परततात. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

प्रथम आपल्या नद्या पाहू. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या मधून कयाधू वाहते. वाशीम जिल्ह्यात उगम पावून ती हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचे नर्सी हे गाव हिच्याच काठचे. जिल्ह्याच्या एका अंगाला पैनगंगा आहे, तिच्यावर इसापूरचे धरण. दुसऱ्या अंगाला पूर्णा, तिच्यावर वरती येलदरी आणि त्याखाली सिद्धेश्वर. कयाधू उन्हाळ्यात डबक्याडबक्यांनी उरते. पोरे तिच्या वाळूत चेंडू खेळतात. मग पावसाळ्यात एकाएकी मासे येतात कुठून?

काही मासे त्या डोहांत तग धरून राहिलेले असतात. मरळ हा तर मोठा चिवट मासा. तो पाण्यावर तोंड काढून हवा घेऊ शकतो, म्हणून जिथे इतर मासे गुदमरतात अशा गढूळ, उथळ डबक्यातही तो दिवस काढतो. बाकीचे मासे खालच्या मोठ्या पाण्यातून वर येतात. नदीला नवे पाणी आले की ते प्रवाहाच्या उलट पोहत निघतात, ओढ्यात शिरतात, ओढ्यातून नाल्यात जातात, आणि क्वचित शेताच्या बांधापर्यंतही पोचतात. हेच आपले चढणीचे मासे. कोकण-ठाण्याकडे याच प्रकाराला वलगण म्हणतात.

मासा असा जिवावर उदार होऊन उलटा का चढतो? तर वीण घालण्यासाठी. रोहू, कटला, मृगळ यांची गोष्ट घ्या. यांची मादी उन्हाळ्यातच गाभोळीने भरू लागते, पण संथ पाण्यात ती अंडी टाकत नाही. पावसाचे गार पाणी यावे, प्रवाहाला जोर यावा, काठचा उथळ भाग पाण्याखाली जावा, मगच ती टाकते. ही अंडी कशाला चिकटत नाहीत, पाण्याबरोबर सुटी वाहत जातात. म्हणून मादी आधी वर चढते आणि मग अंडी सोडते. पाणी त्यांना खाली आणते. पंधरा-वीस तासांत पिले फुटतात आणि काठच्या उथळ पाण्यात रमतात, कारण तिथे त्यांना लागणारे सूक्ष्म खाद्य असते.

पावसाचा आणि विणीचा हा संबंध शास्त्रज्ञांनाही फार दिवस कोडे घालत होता. तळ्यात रोहू वाढतो, पण वितो का नाही? १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांना या कामी यश आले. माशाच्या मेंदूच्या बुडाशी पीयूषिका नावाची बारीक ग्रंथी असते. त्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी बांधलेल्या पाण्यातल्या माशांकडून अंडी घालून घेतली. पुराचे पाणी लागले की माशाच्या अंगातली जी ग्रंथी जागी होते, तिचेच काम सुईने केले, असे समजा. म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज तळ्यात आणि धरणात सोडण्यासाठी जे मत्स्यजिरे आणि बोटुकली मिळते, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

आता हिशेब पाहा. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीत साधारण दोन ते तीन लाख अंडी असतात. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो. पण अंडी बेडूक खातात, किडे खातात, इतर मासे खातात, आणि पाणी लवकर ओसरले तर चिखलात वाळून जातात. लाखांतून मोठी होतात ती थोडीच. तेव्हा अंडी टाकायच्या आधीच मादी धरली, तर एक मासा गेला असे होत नाही. पेरणीआधी बियाण्याचे पोतेच चुलीत घातल्यासारखे ते आहे. शेतकरी बंधूंना हे अधिक सांगायला नको. भूक लागली तरी आपण बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही.

त्यात ओढ्याच्या अरुंद तोंडाशी जाळे आडवे लावले, किंवा बांबूची तट्टी ठोकून सगळी वाटच बंद केली, तर वर जाणारी सारी वीण एका रात्रीत संपते. गळाचे तसे नाही. गळाला एका वेळी एकच मासा लागतो आणि तो हातात जिवंत येतो, म्हणून निवड करायला वाव राहतो. पोट फुगून टम्म झालेली मादी लागली तर हात ओले करा, तिच्या कल्ल्यांत बोट न घालता अलगद गरी काढा आणि पाण्यात धरून ठेवा. तिने शेपटी हलवली की सोडून द्या. मरळीची तांबूस पिले थव्याने पाण्यावर फिरताना दिसली, तर जवळच त्यांची राखण करणारे आईबाप आहेत असे समजा आणि तिथे गळ टाकू नका. आईबाप गेले की तो सारा थवा इतरांच्या तोंडी पडतो.

आणखी एक वाईट चाल कुठे कुठे दिसते. डोहात कीटकनाशक ओतायचे, सुरुंगाची दारू उडवायची, नाहीतर विजेची तार सोडायची. यात लहानमोठे सगळेच मरते, तेच पाणी खाली गुरे पितात, आणि विजेच्या तारेने तर माशांआधी माणूसच दगावतो. पाण्यात विष कालवून किंवा स्फोट करून मासे मारणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरलेला आहे. समुद्रावर जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवतात, तीही याच विणीसाठी. ओढ्यानाल्यावर पहारा ठेवायला बाहेरून कोण येणार? तो गावानेच ठेवायचा. नदीवर पोट भरणाऱ्या भोई बांधवांचा तर यात सर्वांत मोठा हितसंबंध आहे. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून तिथे आधी विचारून मगच गळ टाकावा.

धरणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. खालून चढत आलेला मासा धरणाच्या भिंतीपाशी अडतो. त्याची जुनी वाट तिथेच संपते. वरच्या जलाशयात बोटुकली सोडून भर घालता येते, पण नदीची आपली वीण होते ती ज्या ओढ्यांना अजून अडसर नाही त्या ओढ्यांतच. म्हणून गावचा लहानसा ओढा लहान मानू नये.

आता प्रत्यक्ष गळाकडे वळू. पाणी चहासारखे गढूळ असते तेव्हा माशाला नजरेचा फारसा उपयोग नसतो. तो वासावर चालतो. शिवाय त्याच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. तिच्यायोगे त्याला पाण्यातली हालचाल कळते. म्हणूनच काठावर पाय आपटत चालले की मासा सरकतो, आणि गढूळ पाण्यात गांडुळाइतके चांगले आमिष दुसरे नाही. पावसाने गांडुळे आपोआप वाहून येतातच, त्यामुळे माशालाही त्यात काही वावगे वाटत नाही. कोणता मासा कोणत्या थरात मिळेल, हे त्याचे तोंडच सांगते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळाचे तोंड खाली झुकलेले, तो तळाशी चरतो. वाम आणि शिंगाडा हेही तळाचेच. भेंडापासून गरीपर्यंतचा दोर किती ठेवायचा, ते यावरून ठरवा. आणि पूर चढताना नव्हे, तर ओसरताना बसा. पाणी संथ होत असते, मासा कडेला खात असतो, आणि तोवर पुष्कळ माद्यांची अंडीही टाकून झालेली असतात.

शेवटचा मुद्दा माणसांचा, आणि तो सर्वांत मोलाचा आहे. ज्या पाण्यामुळे मासा चढतो, त्याच पाण्यामुळे नदी चढते. आपल्या काळ्या जमिनीचा गुणच असा आहे, की उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पहिला पाऊस ती पिऊन टाकते. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी आत मुरेनासे होते. त्यानंतरचा तेवढाच पाऊस सरळ ओढ्याला धावतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर पन्नास मिलिमीटर पडला, तर पाच कोटी लिटर पाणी झाले! ते वरच्या गावात पडते आणि आपल्याकडे ऊनही असू शकते.

आम्ही पाच-सहा गळवाले सोबती कयाधूवर जातो, तेव्हा एक नियम पाळतो. काठावर पाण्याच्या रेषेत एक खुंटी ठोकायची, आणि पाळीपाळीने एकाने गळ न टाकता फक्त खुंटीकडे आणि वरच्या बाजूच्या पाण्याकडे पाहायचे. एकदा डोक्यावर पावसाचा थेंब नव्हता, मासा चांगला लागत होता, आणि पाळीवरचा सोबती म्हणाला, "उठा, खुंटी वीतभर बुडाली." कुणी कुरकुर केली नाही. सामान उचलून आम्ही वर आलो. तासाभराने ज्या खडकावर बसलो होतो, तो दिसेनासा झाला होता. त्या दिवशी मासे थोडेच मिळाले, पण घरी सगळे आलो.

पूर येण्याची चिन्हे ओळखायला शिका. पाण्याचा रंग एकदम गडद होतो, फेस येतो, काड्या-पाने-धस्कटे वाहू लागतात, वरून घुमल्यासारखा आवाज येतो. यांतले एकही दिसले तर निघा. धरणाच्या खालच्या बाजूला असाल तर पाणी सोडण्याचा इशारा गावात विचारूनच जा. वाहत्या पाण्यात "गुडघाभर तर आहे" म्हणून उतरू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पलीकडच्या काठाला बसूच नये, म्हणजे परतीचा प्रश्न येत नाही.

वीज हा दुसरा वैरी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. आलेला आकडा म्हणजे वीज किती किलोमीटरवर आहे ते. तीसच्या आत आवाज आला तर ओली काठी खाली ठेवा, पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हा, पक्क्या घराचा आसरा घ्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने मोबाईलसाठी 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे. आसपास वीज पडण्याची सूचना ते देते. गटात एकाच्या फोनवर तरी ते असावे.

गुरुजनांना एक विनंती. शाळेच्या अंगणात सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा ठेवा आणि पडलेला पाऊस पट्टीने रोज मोजवा. नदीच्या पुलावरून दिसेल अशी, खुणा केलेली एक उंच काठी मोठ्या माणसांकरवी रोवून घ्या. पाऊस किती वाजता पडला आणि पाणी किती वाजता चढले, हे मुलांनी वहीत मांडावे. चार महिन्यांत त्यांना आपल्या ओढ्याचा स्वभाव कळेल. पहिल्या पावसाला पाणी का आले नाही आणि पाचव्याला का आले, हे त्यांच्या ध्यानात येईल. त्याच वहीत आजोबा-आजीकडून ऐकलेली माशांची गावठी नावेही लिहून घ्या, कारण ती दर दहा कोसांवर बदलतात. आणि अमुक मासा हल्ली दिसत नाही असे कुणी सांगितले, तर तेही लिहून ठेवा.

तेव्हा यंदा पावसात सोबत्यांबरोबर अवश्य जा. भाकरी बांधून घ्या, गांडुळांचा डबा घ्या, आणि एक खुंटीही घ्या. गाभोळीची मादी परत पाण्यात सोडा. खुंटी बुडू लागली की उठा. पुढच्या आषाढात नदीला मासा चढेल, आणि तो धरायला तुम्ही सारे असाल.