वीस हॉर्सपॉवरचे पैसे किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यापुढच्या गाड्यांना ४० टक्के लागू झाला. तेव्हापासून चहाच्या टपरीवरचा एक जुना वाद पुन्हा तापलाय. रॉयल एनफिल्डची हंटर ३५० घ्या. गोल हेडलाइट, जुन्या वळणाची टाकी, ३४९ सीसी (कराची रेषा अगदी चाटून जाणारी!), वजन १८१ किलो आणि ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर. आपल्या चाकणला तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० जेमतेम पन्नास सीसीनं मोठी, पण ताकद जवळजवळ दुप्पट. मग गोल दिव्याचेच पैसे मोजायचे का?

किमतीला हॉर्सपॉवरनं भागून गाडी जोखणाऱ्यांशी माझं कधी जमत नाही. ताकद लागते ती मुख्यतः हवा कापायला, आणि ती गरज वेगाच्या घनानं वाढते. ढोबळ हिशेब करा : असल्या उघड्या गाडीवर एक माणूस ताशी ८० किलोमीटरनं सपाट रस्त्यावर चाललाय, तर चाकाशी साडेसहा हॉर्सपॉवर पुरते. ११० ला पंधराच्या वर लागते, १२० ला वीस. म्हणजे ऐंशीपर्यंत हंटरचं दोन-तृतीयांश इंजिन रिकामंच बसलेलं असतं. आणि दुप्पट ताकद घेतली म्हणून वेग दुप्पट होत नाही, फार तर सव्वापट होतो.

प्रश्न आहे तो कुठल्या फेऱ्यांना किती ताकद मिळते, हा. हंटरचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० फेऱ्यांना येतो. गुणाकार केला तर तिथंच १५ हॉर्सपॉवर हाताशी असते. स्पीड ४०० ची चाळीस मिळवायला इंजिन ८००० पर्यंत पिळावं लागतं. मागं माणूस बसवून खंबाटकी घाट चढायचा तर पहिला हिशेब कामाचा. मात्र ‘लांब स्ट्रोक म्हणून टॉर्क जास्त’ हे गॅरेजातलं ज्ञान सोडून द्या. दर सीसीमागे टॉर्क पाहिला तर ट्रायम्फच पुढे आहे. हंटरचा ८५.८ मिलिमीटरचा स्ट्रोक इंजिनाला फार पळू देत नाही, एवढंच. ताकद खालच्या फेऱ्यांना आणून ठेवतात त्या व्हॉल्व्हच्या वेळा.

आता आवाज. फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. हजाराच्या आसपास फेऱ्यांवर गाडी उभी असेल तर सेकंदाला आठ. वीसच्या खालचे ठोके कानाला सुटे ऐकू येतात, त्याच्या वर ते मिसळून सूर होतो. ४००० फेऱ्यांना तेहतीस स्फोट होतात, तेव्हा धडधड संपलेलीच असते. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात इंजिन बंद पडू नये म्हणून जड फ्लायव्हील लागतं. जात्याच्या पाळीचं वजन दोन हातांच्या रेट्यांमधली उसंत भरून काढतं, तसंच. वेगळा सायलेन्सर लावून या भौतिकशास्त्रात काही भर पडत नाही, फक्त डेसिबल वाढतात. ते सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात तेव्हा मला आनंद होतो.

हंटरमध्ये पैसे मोजण्यासारखी खरी वस्तू बाहेरून दिसतच नाही. एकटा पिस्टन वरखाली धावतो तेव्हा सगळी गाडी हादरते, आणि फेरे दुप्पट झाले की हादरा चौपट. जुन्या बुलेटवर लांबचा पल्ला मारलेल्यांच्या तळहातांना हे ठाऊक आहे. २०२० साली रॉयल एनफिल्डच्याच मिटिऑरबरोबर आलेल्या नव्या इंजिनात (हंटरमध्ये तेच आहे) क्रँकच्या उलट दिशेनं, तितक्याच वेगानं फिरणारा एक बॅलन्सर शाफ्ट बसवलाय. पिस्टनचा मुख्य धक्का तो खाऊन टाकतो. दुप्पट वेगाचा छोटा कंप उरतो, तो उरू द्यावा.

उलट्या फेऱ्यांनी हादरा मारायचा हा विचार आला की मला फ्रेडरिक लँचेस्टर आठवतो. या इंग्रज इंजिनिअरनं १८९५-९६ च्या आपल्या पहिल्या मोटारीत एकाच पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड जोडून परस्परविरुद्ध फिरणारे दोन क्रँकशाफ्ट लावले होते! पुढे चार सिलिंडरच्या इंजिनांसाठी त्यानं शोधलेले दुप्पट वेगानं फिरणारे जोड-शाफ्ट आजही मोटारींत आहेत. १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट, १९०७ मध्ये विमानाच्या पंखाला उचल कशी मिळते यावरचं पुस्तक, आणि युद्धातल्या बलाबलाची समीकरणंही त्याचीच. पंखाच्या सिद्धांताचं श्रेय बहुतेक जर्मनीतल्या लुडविग प्रांट्लच्या खात्यावर गेलं. १९४६ मध्ये लँचेस्टर वारला तेव्हा हातात पैसा फारसा नव्हता. त्याच्या नावाचा एखादा बॅज असल्या गाडीच्या टाकीवर मी आनंदानं सहन करीन.

तेव्हा टेस्ट राइडला शोरूमभोवती चक्कर मारून परत येऊ नका. चौथ्या गिअरमध्ये फेरे वाढवत न्या आणि आरशातला मागचा ट्रक स्पष्ट दिसतो का ते पाहा. जोडीदाराला मागं बसवून एखादा चढ चढा. महामार्गावर सतत शंभरच्या वर राहायची सवय असेल, तर मात्र ही गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडेल.