फ्लॉपीवर धावणारी गाडी

मुंबईच्या हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन हे छोटंसं स्टेशन. जुन्या कापूस बाजारावरून नाव पडलेलं. फलाटावर आलेल्या प्रत्येकीची नजर आधी इंडिकेटरकडे जाते. पनवेल की गोरेगाव, किती मिनिटं... तेवढं दिसलं की जीव भांड्यात पडतो! पण गाडी चालवणाऱ्याला समोर काय दिसतं, याचा विचार आपण कधी करतो का?

मोटरमनच्या केबिनमध्ये एक सावध करणारी यंत्रणा असते. मुंबईत ती १९८०च्या दशकात आली. पिवळा सिग्नल आला की दिवा लागतो, आवाज होतो. मोटरमनने काही सेकंदांत बटण दाबून ‘कळलं’ असं सांगायचं. नाही सांगितलं तर ब्रेक आपोआप लागतो. दिवा, आवाज आणि एक बटण. यंत्रणा जुनी खरी, पण पाहताक्षणी कळणारी.

आता अमेरिकेतली गंमत ऐका. सॅन फ्रान्सिस्को म्हणजे संगणकाच्या माहेरघराचा शेजार. तिथल्या भुयारी गाड्यांची यंत्रणा १९९८ सालची. ती रोज सकाळी सुरू करायची तर सव्वापाच इंची फ्लॉपी लागायची! ऑक्टोबर २०२४मध्ये ती बदलायला २१ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. तशी ती काम नीट करत होती. पण फ्लॉपीवरची माहिती हळूहळू खराब होते आणि ती यंत्रणा समजणारी माणसंही एकेक करून निवृत्त होतात. आजीच्या मसाल्याचं प्रमाण कुणी वहीत उतरवून घेतलं नाही, तर आजीबरोबर मसालाही जातो ना, तसंच.

म्हणून यंत्राइतकंच माणसांना शिकवत राहणं महत्त्वाचं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९मध्ये सहायक चालक झाल्या, मार्च २०२३मध्ये त्यांनी सोलापूर ते मुंबई ‘वंदे भारत’ चालवली आणि सप्टेंबर २०२५मध्ये त्या निवृत्त झाल्या. साध्या हँडलपासून स्क्रीनपर्यंतचा प्रवास एकाच नोकरीत!

देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच हार्बर मार्गावरून कुर्ल्यापर्यंत धावली. तेव्हाची दीड हजार व्होल्टची डीसी वीज इथे एप्रिल २०१६पर्यंत टिकली. जुनं टिकतं हो! फक्त ते जाणणारं कुणीतरी आहे ना आणि पुढचीला शिकवतंय ना, एवढं पाहायला हवं. कारण त्या डब्यात आपल्यापैकीच कुणीतरी बसलेली असते.