मोबाइल फोन सापडतो कसा?

समजा, तुमची मावशी मुंबईहून पुण्याला निघाली आहे. गाडी भरधाव धावत आहे. तुम्ही तिला घरून फोन लावता आणि काही सेकंदांतच तिच्या पर्समधला मोबाइल वाजू लागतो! घरच्या फोनला तार असते, त्यामुळे तो कोठे आहे हे टेलिफोन केंद्राला कायमचे ठाऊक असते. मोबाइलला तर तार नाही. मग कोट्यवधी फोनांतून नेमका मावशीचाच फोन कसा सापडतो?

मोबाइलसाठी सगळा प्रदेश लहान लहान भागांत वाटलेला असतो. या भागांना ‘सेल’ म्हणतात. फोन शोधण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. एक, सर्व सेलांत रेडिओलहरींनी पुकारा करायचा. दुसरा, सेल बदलला की फोनने लगेच वर्दी द्यायची.

थोडी आकडेमोड करू. एका शहरात २० ओळी आणि प्रत्येक ओळीत २० असे ४०० चौकोनी सेल आहेत असे माना. पहिल्या मार्गाने दर वेळी ४०० ठिकाणी पुकारा करावा लागेल. शहरात फोन लाखो! पुकाऱ्यांनीच रेडिओमार्ग तुंबून जाईल. दुसऱ्या मार्गाने एकच पुकारा पुरेल; पण शहर सरळ ओलांडणारा फोन १९ वर्द्या देईल. प्रत्येक वर्दीला बॅटरी खर्च होणार, आणि कोणी फोन केलाच नाही तर ती सारी मेहनत फुकट!

यावर तोड निघाली ती गटांची. ५ × ५ म्हणजे २५ सेलांचा एक गट करा. प्रत्येक मनोरा आपल्या गटाचा क्रमांक सतत प्रसारित करतो. फोन तो ऐकतो आणि क्रमांक बदलला तरच वर्दी देतो. आता वर्द्या फक्त ३ आणि पुकारे २५! १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम सेवेत हीच युक्ती होती.

नोंदवह्याही दोन असतात. मावशीचा फोन कोणत्या केंद्राच्या हद्दीत आहे, एवढेच मूळ नोंदवहीत असते. तो कोणत्या गटात आहे, हे त्या केंद्राच्या पाहुण्यांच्या वहीत असते. त्यामुळे गट बदलला तरी मूळ वहीला दर वेळी त्रास पडत नाही. पुकाराही सहसा तात्पुरत्या सांकेतिक क्रमांकाने होतो, म्हणजे मावशी कोठे आहे हे चोरून ऐकणाऱ्याला सहज कळत नाही.

बॅटरी अचानक संपली तर? म्हणून फोनने ठरावीक काळाने ‘मी आहे’ असे कळवायचे असते.

एक अडचण मात्र उरली. गाडीने गटाची सीमा ओलांडली की शेकडो फोन एकदम वर्दी देतात! म्हणून पुढे ४जी पद्धतीत प्रत्येक फोनला १६ पर्यंत गटांची यादी देण्याची सोय झाली. याद्या निरनिराळ्या असल्या, की सर्वांची सीमा एकाच जागी येत नाही.

आता आलेखाच्या कागदावर २ × २ आणि १० × १० सेलांचे गट आखून वर्द्या व पुकारे मोजा. कोणता गट चांगला? उत्तर देण्यापूर्वी विचार करा: त्या शहरातली माणसे जास्त फिरतात, की त्यांना फोन जास्त येतात?