शस्त्रक्रियेपूर्वी सांगावयाची एक गोष्ट

शस्त्रक्रिया म्हटली की भुलेची भीती सर्वांनाच वाटते. परंतु शल्यविशारदाच्या हातातील रबरी मोजेदेखील एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रबराच्या झाडाचा चीक म्हणजे लॅटेक्स. आपल्या कोकणात दोडामार्ग परिसरातही या झाडांच्या बागा आहेत. चिकातील प्रथिने काहींच्या शरीराला मानवत नाहीत. १९८० च्या दशकात एड्सच्या भीतीने मोज्यांचा वापर अतोनात वाढला आणि ही ॲलर्जीही वाढली. मोज्यांतील पावडरीबरोबर ही प्रथिने हवेत पसरतात. म्हणून अमेरिकेने २०१७ साली पावडरयुक्त वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली.

भुलेचे औषध दिल्याबरोबर येणाऱ्या प्रतिक्रियेप्रमाणे ही तात्काळ येतेच असे नाही. शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर बहुधा अर्ध्या-पाऊण तासाने रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. अंगावरील गांधी चादरीखाली झाकलेल्या राहतात आणि बेशुद्ध रुग्ण काहीच सांगू शकत नाही. अशा वेळी रबराचा संपर्क तोडून ॲड्रेनलिन, प्राणवायू व सलाईन त्वरित द्यावे लागते.

म्हणूनच रुग्णाने शुद्धीत असतानाच बोलले पाहिजे. फुगा फुगविल्यावर ओठ सुजतात काय? रबरी मोज्यांनी खाज सुटते काय? केळे, पपई वा किवी खाल्ल्यावर तोंडाला खाज येते काय? यावरून ॲलर्जी आहेच असे ठरत नाही. परंतु डॉक्टरांना तपासणीची दिशा मिळते. पाठीच्या कण्याचे जन्मजात व्यंग असलेली व वारंवार शस्त्रक्रिया झालेली बालके, तसेच वर्षानुवर्षे मोजे वापरणाऱ्या परिचारिका यांना धोका अधिक असतो.

वरंधसारख्या घाटाखालील गावातील रुग्ण आधी महाडला, मग कदाचित मुंबई-पुण्याला जातो. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवे असतात. तेव्हा ॲलर्जीची नोंद केसपेपरवर ठळक अक्षरांत करून घ्यावी आणि तो कागद सोबत ठेवावा. रुग्णाला बोलता येत नसेल, तर सोबतच्या नातेवाइकांनी सांगावे.

माहिती आधी मिळाल्यास नायट्राइलचे मोजे व लॅटेक्सविरहित नळ्या वापरता येतात आणि हवेत रबराचे कण नसताना, सकाळची पहिलीच शस्त्रक्रिया त्या रुग्णाची ठेवता येते. ॲलर्जीच्या भयाने शस्त्रक्रिया टाळू नये; परंतु ती लपवूही नये, अशी आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे.