छपरावर पडणारं पाणी: टाकी घेण्याआधी करायचा हिशोब

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवर आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, आमचं घर पत्र्याचं आहे, ५० चौरस मीटर. घरात पाच माणसं. उन्हाळ्यात आईला पाण्यासाठी लांब जावं लागतं. टाकी बसवायची म्हणतोय, पण दुकानदार एक आकडा सांगतो, काका दुसराच सांगतात. नेमकी किती लिटरची घेऊ?"

प्रश्न पैशांचा आहे. टाकी लहान घेतली तर पाणी वाहून जाणार, उगाच मोठी घेतली तर पैसे अडकणार. म्हणून आज आपण हा हिशोब करून बघू. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. कसं? १०० सेंटिमीटर गुणिले १०० सेंटिमीटर गुणिले ०.१ सेंटिमीटर, म्हणजे १००० घन सेंटिमीटर. तोच एक लिटर. बातम्यांत "काल ४० मिलिमीटर पाऊस झाला" असं ऐकलं, तर प्रत्येक चौरस मीटरवर ४० लिटर पडले असं समजायचं.

आता छप्पर मोजू. इथे बरेच जण पत्र्याच्या उताराची लांबी मोजतात. ते नको. पाऊस वरून पडतो, त्यामुळे वरून पाहिल्यावर छपराने किती जमीन झाकली आहे तेवढंच धरायचं. सोपी खूण म्हणजे एका वळचणीपासून दुसऱ्या वळचणीपर्यंत जमिनीवर टेप लावा, लांबी आणि रुंदी घ्या, गुणाकार करा. गूगल अर्थ ॲपमध्येही मोजायची सोय आहे, पण लहान घराला टेपच बरी. माप चौरस फुटांत असेल तर १०.७६ ने भागा. १००० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर.

मग येतो पाऊस. लातूरकडे वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपण हात आखडता ठेवून ७०० धरू. तुमच्या भागाचा आकडा राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर बघता येतो. तिथे तालुक्याचा आणि महसूल मंडळाचा पाऊस मिळतो. शेजारच्या तालुक्याचा आकडा उचलू नका. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून पूर्वेकडे थोडंसं सरकलं तरी पाऊस निम्म्याहून कमी होतो.

पडलेलं सगळं पाणी टाकीत येत नाही. थोडं छप्पर ओलं होण्यात जातं, थोडं उडतं, थोडं पन्हळीतून बाहेर सांडतं. म्हणून एक गुणक लावायचा. पत्र्याला ०.८५, स्लॅबला ०.८, कौलांना ०.७५ असा ढोबळ आकडा धरा. पन्हळ वाकडी किंवा गळकी असेल तर अजून कमी.

आता आपल्या श्रोत्याचं छप्पर: ५० × ७०० × ०.८५ = २९,७५० लिटर. म्हणजे वर्षाला जवळपास तीस हजार लिटर!

हा आकडा किती मोठा आहे? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवतंय? 'जलदूत' म्हणायचे तिला. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून साधारण पाच लाख लिटर पाणी आलं, तेही तीनशेहून जास्त किलोमीटरवरून. आपल्या हिशोबाने तेवढं पाणी अशा सतरा छपरांवर वर्षभरात पडतं. शहराची तहान सतरा छपरांनी भागते असं मी म्हणत नाहीये. पण आपल्या डोक्यावरून किती वाहून जातं, हे यातून कळतं.

पण थांबा, तीस हजार लिटर पडतात म्हणून तीस हजारांची टाकी घ्यायची का? नाही. टाकीचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: पाणी कशाला वापरणार, आणि पाऊस नसताना किती दिवस काढायचे.

ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर हे जल जीवन मिशनचं प्रमाण आहे. पाच माणसांचे झाले २७५ लिटर. त्या हिशोबाने तीस हजार लिटर १०८ दिवसच पुरतात. म्हणजे अंघोळ, धुणं, भांडी सगळं छपरावर भागणार नाही, हे आधीच मान्य करायचं.

आता फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी घेऊ. माणशी १० लिटर, पाच जणांचे रोज ५० लिटर. ऑक्टोबर ते मे असे साधारण २४० दिवस धरले तर १२,००० लिटर लागतात. नुसता कडक उन्हाळा, फेब्रुवारी ते मे, १२० दिवस काढायचे असतील तर ६,००० लिटर. म्हणजे आपल्या श्रोत्यासाठी उत्तर असं: बजेट कमी असेल तर ६,००० लिटर, पण ते फेब्रुवारीपर्यंत झाकून राखून ठेवायचे. जमत असेल तर १२,००० लिटरचा हौद.

दुष्काळी वर्षाचं काय? समजा ४०० मिलिमीटरच पडला. ५० × ४०० × ०.८५ = १७,००० लिटर. तरीही १२,००० चा हौद भरतो. ज्या वर्षी पाण्याची खरी गरज, त्याच वर्षाचा हिशोब करून बघायचा. सरासरीवर विसंबायचं नाही.

उलट, १,००० लिटरची टाकी ठेवली तर ४० मिलिमीटरच्या एकाच पावसात १,७०० लिटर येतील आणि ७०० लिटर सांडतील.

अंगणाचंही बरेच जण विचारतात. मातीच्या अंगणातून वाहून जाणारं पाणी फार कमी, साध्या पावसात दहा-वीस टक्केच. बाकीचं मुरतं किंवा वाफ होऊन जातं. मुरलेलं वाया गेलं असं समजू नका. अंगणाचं पाणी शोषखड्ड्यात घाला, पिण्याच्या टाकीत नको. आणि गढूळ पाणी गाळल्याशिवाय बोअरमध्ये सोडायचं नाही.

पिण्यासाठी साठवणार असाल तर तीन गोष्टी. पहिल्या पावसात छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण येते. ते पाणी बाजूला काढा. ५० चौरस मीटरला पहिला एक मिलिमीटर म्हणजे ५० लिटर. दुसरं, टाकीत उजेड आणि डास जाता कामा नयेत, नाहीतर शेवाळ आणि डेंग्यू दोन्ही येतील. तिसरं, पाणी उकळूनच प्या. छप्पर सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस पत्र्याचं असेल तर ते पाणी धुण्याला वापरा, पिण्याला नको.

आता गृहपाठ. सरळ उभ्या कडांचा एक डबा घ्या, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. हवामान खातंही त्याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. डबा रुंद असो की अरुंद, कडा सरळ असल्या की मिलिमीटर तेच येतात. आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, आपल्या छपराच्या चौरस मीटरने गुणा, गुणक लावा. पावसाळा संपेपर्यंत तुमच्याकडे स्वतःच्या घराचा आकडा असेल, आणि दुकानात टाकीचा भाव विचारताना तो उपयोगी पडेल.

तुमचं छप्पर किती भरतं ते मला व्हॉइस मेसेजवर नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!